आधी मिलिमीटर, मग पिक्सेल

‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीला आलेखाची पीएनजी फाइल काढायला सांगितले आणि आकाराबद्दल काहीच सांगितले नाही, तर ती ४८० पिक्सेल रुंद आणि ४८० पिक्सेल उंच असा एक चौकोन हातावर ठेवते. लॅपटॉपच्या पडद्यावर तो अगदी नेटका दिसतो. पण तोच आलेख जर्नलच्या एका स्तंभात, म्हणजे साधारण ९० मिलिमीटर रुंदीत छापायला घेतला की एका इंचाच्या वाट्याला जेमतेम १३५ पिक्सेल येतात. अक्षांवरची अक्षरे कडेने धुरकट होतात, तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात, गोल ठिपके चौकोनी वाटू लागतात. छापखान्यात याला ‘इमेज फाटते’ असे म्हणतात.

हे लक्षात येते तेही बहुधा नको त्या वेळी. संशोधन झालेले असते, परीक्षकांच्या शंका फिटलेल्या असतात, लेख स्वीकारल्याचे पत्र आलेले असते. मग निर्मिती विभागाकडून दोन ओळींची मेल येते: आकृती क्रमांक दोन आणि तीनचे रिझोल्यूशन अपुरे आहे, किमान ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, फाइल ४८ तासांत पाठवा. तोवर मूळ विदा कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि आलेख कोणत्या ओळींनी काढला होता, याचा पत्ता नसतो. हाताशी असतो तो एक स्क्रीनशॉट.

अशा वेळी सर्वात आधी सुचणारा उपाय सर्वात निरुपयोगी असतो. स्क्रीनशॉट फोटोशॉपमध्ये उघडायचा, रिझोल्यूशनच्या चौकटीत ७२ किंवा ९६ असा जो आकडा असेल तो खोडून ३०० लिहायचा आणि फाइल साठवायची. संगणक मुकाट्याने ऐकतो. फाइलचे गुणधर्म तपासले तर तिथे खरोखरच ३०० डीपीआय असे दिसते. पण हा आकडा म्हणजे फाइलला लावलेली चिठ्ठी असते. ‘मला छापाल तेव्हा एका इंचात इतके पिक्सेल बसवा’ एवढेच ती सांगते. पिक्सेल होते तेवढेच राहतात. ४८० पिक्सेलच्या चौकोनावर ३०० ची चिठ्ठी लावली, तर तो १.६ इंचांचा, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. आणि फोटोशॉपला पिक्सेलही वाढवायला सांगितले, तर शेजारच्या दोन पिक्सेलांच्या रंगांवरून मधल्याचा रंग अंदाजाने ठरवला जातो. नवी माहिती कुठून येणार? धुरकट अक्षर मोठे धुरकट होते, इतकेच.

म्हणून एकट्या डीपीआयला काही अर्थ नाही. ‘माझा आलेख ३०० डीपीआयचा आहे’ हे वाक्य ‘माझी गाडी ताशी ६० ने जाते’ या वाक्यासारखे आहे. किती वेळ गेली हे सांगितल्याशिवाय ती कुठे पोहोचली ते कळत नाही. इथे किती वेळ याच्या जागी किती इंच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संगणकाजवळ नसते. ते ज्या पानावर आलेख छापला जाणार त्या पानाजवळ असते.

आता हे ७२ आणि ३०० आले कुठून? मुद्रणात अक्षरांची उंची पॉइंटमध्ये मोजतात आणि संगणकावरच्या मांडणीत एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. १९८४ साली आलेल्या ॲपल मॅकिन्टॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल बसवले होते. त्यामुळे एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट असा सरळ हिशेब जमला आणि पडद्यावर दिसे त्याच मापात कागदावर छापता येऊ लागले. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ९६ धरले. आज बाजारातल्या साध्या फोनच्या पडद्यावरही याच्या कित्येक पट पिक्सेल असतात, पण ७२ हा आकडा आरच्या मूळ गृहीतांत अजून तळ ठोकून आहे.

३०० मागे मात्र माणसाचा डोळा आहे. निरोगी नजरेला साधारण एका अंशाच्या ६० व्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. पुस्तक डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरले तर या कोनात कागदावरचे सुमारे ०.०८७ मिलिमीटर येतात. एका इंचात अशी २९१ अंतरे बसतात. त्याहून दाट ठिपके डोळा वेगवेगळे ओळखू शकत नाही. ऑफसेट छपाईचा व्यवहारही याच आकड्याजवळ येऊन थांबतो. चांगल्या कागदावर रंगीत चित्र छापताना इंचाला सुमारे १५० ओळींची जाळी वापरतात, आणि जाळीच्या दुप्पट पिक्सेल द्यावेत असा छापखान्यांचा जुना ठोकताळा आहे. पुन्हा ३००.

पण हे गणित छायाचित्राचे झाले. आलेखात पांढऱ्या कागदावर काळी रेष असते आणि तिची कड सुरीने कापल्यासारखी लागते. छायाचित्रात रंग हळूहळू बदलतात, म्हणून तिथे खपून जाणारी पायरी आलेखाच्या रेषेवर चटकन डोळ्यांत खुपते. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांत म्हणूनच तीन वेगळे दर आहेत. छायाचित्राला ३०० डीपीआय, छायाचित्र आणि अक्षरे एकत्र असतील तर ५००, आणि निव्वळ रेषांच्या आकृतीला १०००. एका स्तंभाची रुंदी ९० मिलिमीटर आणि दोन स्तंभांची १९० मिलिमीटर असेही तिथे दिले आहे. गुणाकार केला की एका स्तंभातल्या छायाचित्राला १०६३ पिक्सेल पुरतात, तर त्याच जागेतल्या रेषाकृतीला ३५४३ लागतात. ‘नेचर’ एका स्तंभाला ८९ मिलिमीटर आणि पूर्ण रुंदीला १८३ मिलिमीटर देते आणि आकृतीतली अक्षरे ५ ते ७ पॉइंटांची असावीत असे सांगते. ‘प्लॉस वन’ला ३०० ते ६०० डीपीआयची टिफ किंवा ईपीएस फाइल लागते आणि एका फाइलचे वजन १० मेगाबाइटच्या आत हवे असते.

या सूचना बहुतेक लेखक शेवटी वाचतात. वाचायला हव्यात आलेखाची पहिली ओळ लिहिण्याआधी.

कारण पिक्सेल वाढवायला निघालेल्या माणसासाठी दुसरा खड्डा तयारच असतो. ४८० कमी पडले ना, मग २००० देऊ, असे म्हणून तो पीएनजीच्या आदेशात रुंदी आणि उंची २००० करतो. आलेख निघतो. रेषा सुरेख, कडा स्वच्छ. पण अक्षरे मुंगीएवढी, ठिपके खसखशीसारखे, अक्षांच्या रेषा केसासारख्या बारीक. त्याला वाटते, आर बिघडले. खरे तर आरने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. रिझोल्यूशन सांगितलेले नसल्यामुळे त्याने नेहमीचे ७२ धरले आणि २००० पिक्सेल म्हणजे सुमारे २७.८ इंच रुंदीचा कागद आहे असे मानले. एवढ्या मोठ्या कागदावर त्याने आपली नेहमीची १२ पॉइंटांची अक्षरे लिहिली. भिंतीवर लावायच्या पोस्टरला ती कदाचित चालली असती. पण हे पोस्टर साडेतीन इंचांच्या स्तंभात कोंबले की १२ पॉइंटांचे अक्षर दीड पॉइंटांचे होते. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही याहून मोठा असतो.

यावर उपाय म्हणजे आकडे उलट्या क्रमाने देणे. आधी कागदावरची रुंदी, तीही मिलिमीटर किंवा इंचात. आरमध्ये त्यासाठी एककाचा वेगळा रकाना आहे. मग अक्षराचे माप पॉइंटमध्ये. सगळ्यात शेवटी रिझोल्यूशन. रुंदी ९० मिलिमीटर, अक्षर ८ पॉइंट, रिझोल्यूशन ६०० असे सांगितले की पिक्सेल किती लागतील ते प्रणाली स्वतःच मोजते. उद्या जर्नलने १००० मागितले तर शेवटचा आकडा तेवढा बदलायचा. अक्षरांचे आणि रेषांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जागचे हलत नाही. हॅडली विकम यांच्या जीजीप्लॉट२ या लोकप्रिय पॅकेजमधला ‘जीजीसेव्ह’ हा आदेश तर मुळातच इंच धरून चालतो आणि ३०० डीपीआय गृहीत धरतो. फक्त त्याला रुंदी-उंची सांगायला विसरलात, तर त्या क्षणी पडद्यावरची आलेखाची खिडकी जेवढी उघडी असेल तेवढे माप तो घेतो. सकाळी खिडकी मोठी होती आणि दुपारी लहान, म्हणून एकाच लेखातल्या दोन आकृत्यांची अक्षरे वेगवेगळ्या मापांची निघाली, असे होते ते यामुळे.

आरच्या या स्वभावाला इतिहास आहे. आर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवले, पण त्याची घडण अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७६ साली सुरू झालेल्या ‘एस’ या भाषेवर आहे. तेव्हा आलेख काढायचा म्हणजे एखाद्या खऱ्याखुऱ्या यंत्राकडे तो पाठवायचा. कधी पेन धरून कागदावर रेष ओढणारा प्लॉटर, कधी पडदा. म्हणून या भाषांमध्ये आलेख ‘डिव्हाइस’वर काढला जातो. आजच्या पीएनजी, टिफ, पीडीएफ या फाइलसुद्धा आरच्या दृष्टीने डिव्हाइसच. ते उघडायचे, त्यावर रेखाटायचे आणि बंद करायचे. बंद करण्याचा ‘डेव्ह डॉट ऑफ’ हा छोटा आदेश नवखे लोक हमखास विसरतात. मग फाइल फोल्डरमध्ये दिसते, पण उघडत नाही, आणि त्यानंतर काढलेले सगळे आलेख पडद्यावर न येता गुपचूप त्याच अर्धवट फाइलमध्ये जात राहतात.

पेनवाल्या प्लॉटरची आठवण आणखी एका कारणाने काढायला हवी. त्याला पिक्सेल ठाऊकच नव्हते. इथून तिथे रेष ओढ, तिथे वळ, इथे पेन उचल, अशा सूचनांवर तो चाले. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या ॲडोबी कंपनीने १९८४ साली आणलेली पोस्टस्क्रिप्ट, १९९३ सालची पीडीएफ, २००१ साली प्रमाणित झालेली एसव्हीजी ही सगळी या अर्थाने त्याच कुळातली. त्यांच्या फाइलमध्ये चित्र साठवलेले नसते, चित्र काढण्याच्या सूचना साठवलेल्या असतात. त्यामुळे आलेख दहापट मोठा केला तरी रेषेची कड तेवढीच धारदार राहते. ‘किती डीपीआय?’ हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरतो. जर्नल पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्टचीच ईपीएस घेत असेल तर साध्या रेषालेखासाठी, स्तंभालेखासाठी दुसऱ्या कशाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. माप मात्र इथेही चुकवता येत नाही. आरची पीडीएफ न सांगता सात इंच रुंद निघते. ती साडेतीन इंचांत बसवली की १२ पॉइंटांची अक्षरे सहाची होतात.

सूचनांच्या या पद्धतीलाही दोन ठिकाणी ठेच लागते. जनुकशास्त्रातल्या मॅनहॅटन आलेखात एकेका जनुकीय फरकामागे एक ठिपका असतो, आणि असे ठिपके लाखांनी, कधी दहा लाखांच्या पुढे असतात. पीडीएफ त्यातल्या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद ठेवते, दुसऱ्याखाली पूर्ण झाकल्या गेलेल्याचीसुद्धा. फाइल फुगते आणि पान उघडताना पडद्यावर ठिपक्यांच्या लाटा एकामागून एक येत राहतात. इथे शहाणपणाचा मार्ग मिश्र आहे: ठिपक्यांचा थर तेवढा पिक्सेलांत बदलायचा आणि अक्ष, आकडे, अक्षरे सूचनांच्या रूपातच ठेवायची. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ‘रास्टराइज्ड’ हा एक शब्द लिहून हे होते. आरमध्ये ‘जीजीरास्टर’ नावाचे पॅकेज ते करते.

दुसरी ठेच पारदर्शकतेची. अंदाजाच्या रेषेभोवती फिकट निळा विश्वासार्हता-पट्टा दाखवायची आता रीतच आहे. पडद्यावर तो छान दिसतो. फाइल ईपीएसमध्ये काढली की पट्टा गायब. ईपीएसच्या व्याकरणात अर्धवट पारदर्शक रंग ही गोष्टच नाही. आर तसा इशारा देते, पण पानामागे एकदाच आणि इतर इशाऱ्यांच्या गर्दीत. लेखात ‘छायांकित पट्टा पाहा’ असे वाक्य राहते आणि आकृतीत पट्टा नसतो. पारदर्शक निळ्याऐवजी मुळातच फिकट असा अपारदर्शक निळा वापरला आणि तो रेषेच्या आधी काढला, की प्रश्न सुटतो.

जर्नलला पिक्सेलांचीच फाइल हवी असेल तर कोणती द्यायची, यावर फार विचार करण्याची गरज नाही; फक्त जेपेग टाळायची. याचे कारण जेपेगच्या पोटातल्या गणितात आहे. बंगळुरूत जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ साली त्या गणिताची कल्पना मांडली. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९९२ च्या जेपेग मानकाने हेच गणित उचलले आणि आज जगातले बहुतेक डिजिटल फोटो त्याच्या जोरावर आटोपशीर झाले आहेत. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यातले रंगांचे बारीक, झपाट्याने होणारे चढउतार कमी मोलाचे समजून टाकून देते. चेहऱ्याच्या, आभाळाच्या, झाडाच्या फोटोत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण काळ्या रेषेची पांढऱ्याला भिडणारी कड हा रंगाचा सर्वात झपाट्याने होणारा बदल, आणि नेमका तोच जेपेगला परवडत नाही. म्हणून अक्षरांभोवती करड्या रंगाची कुसळे उगवतात. लाल बारीक रेषा तर आणखी मळकट होतात, कारण रंगांची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षाही कमी तपशिलात साठवली जाते. आणि एकदा टाकून दिलेले परत मिळत नाही. जेपेग उघडून टिफ म्हणून साठवली तर कुसळांसकट टिफ मिळते.

पीएनजी आणि टिफ काही टाकत नाहीत. १९८६ साली आल्डस या कंपनीने काढलेली टिफ छापखान्यांच्या अंगवळणी पडली आहे, म्हणून जर्नले ती मागतात. तिचा एकच दुर्गुण म्हणजे वजन. ३५४३ पिक्सेलांचा चौकोन, प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे सुमारे ३ कोटी ७७ लाख बाइट. आर टिफ काढताना आपणहून दाबणी करत नाही, त्यामुळे मेलला न जोडता येणारी फाइल तयार होते. आदेशात ‘एलझेडडब्ल्यू’ हे दाबणीचे नाव एवढे जोडले की तीच आकृती, एकही पिक्सेल न बदलता, दहा मेगाबाइटच्या खूप आत येते. आलेखाचा बहुतेक भाग कोरा पांढरा असतो आणि एकसारख्या पांढऱ्याची नोंद थोडक्यात करता येते. टिफला वजन फार म्हणून जेपेग दिली, असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना या एका शब्दाची ओळख नसते.

सगळे जग आर वापरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते आणि त्या पाहणीची विदा स्टाटा, एसपीएसएस, सॅस अशा प्रणालींच्या फाइलींत मिळते. त्यामुळे लोकसंख्याशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा हात तिथेच बसलेला असतो. स्टाटात ‘ग्राफ एक्स्पोर्ट’ला रुंदीचे पिक्सेल सांगता येतात, ३००० सांगितले तरी अक्षरे आकृतीबरोबर वाढतात, आरसारखी मुंगीएवढी होत नाहीत. पीडीएफही निघते. एसपीएसएसवाले आलेखावर उजवी कळ दाबून ‘कॉपी’ आणि वर्डमध्ये ‘पेस्ट’ करतात आणि तिथेच मार खातात. निर्यातीच्या चौकटीत दस्तऐवज नको, फक्त आकृत्या हव्यात असा पर्याय असतो, तो निवडावा. सॅसचे आलेख न सांगता ६४० बाय ४८० पिक्सेलांचे निघतात. मॅटप्लॉटलिबचेही तसेच: ६.४ बाय ४.८ इंच, इंचाला १००. मॅटलॅबमध्ये २०२० पासून ‘एक्स्पोर्टग्राफिक्स’ हा आदेश आहे, तो १५० गृहीत धरतो. थोडक्यात, बहुतेक प्रणालींचे न सांगता मिळणारे माप हे पडद्यासाठी ठरवलेले असते. छपाईची काळजी वापरणाऱ्यावर सोडलेली असते.

आलेखावर मराठी अक्षरे लिहायची म्हटली की मात्र या सगळ्याहून वेगळीच पंचाईत उभी राहते. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढते. मराठीतून प्रबंध लिहिणारे, मराठी मासिकांसाठी विदा-लेख लिहिणारे असतात. त्यांना अक्षांवर ‘शिक्षण’ किंवा ‘जिल्हा’ असे लिहायचे असते. आरच्या साध्या पीडीएफ डिव्हाइसला देवनागरी येत नाही. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि आरच्या जुन्या आवृत्त्या न कळलेल्या प्रत्येक बाइटमागे एक टिंब ठेवतात. ‘शिक्षण’ या शब्दात श, पहिली वेलांटी, क, हलन्त, ष, ण अशी सहा चिन्हे. म्हणून अक्षावर अठरा टिंबांची रांग येते. ‘कैरोपीडीएफ’ हे डिव्हाइस वापरले आणि फॉन्टचे नाव नीट सांगितले की हाच शब्द सुखरूप उमटतो. पीएनजी किंवा टिफ हवी असेल तर ‘रॅग’ पॅकेजची डिव्हाइसे हे काम करतात.

मॅटप्लॉटलिबची तऱ्हा और. त्याच्या मूळ डेजाव्हू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून आधी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात. मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी लावला की अक्षरे येतात, पण जोडलेली नसतात. संगणकात वेलांटी ‘श’च्या नंतर साठवलेली असते आणि लिहिताना ती त्याच्या आधी काढायची असते. अक्षरांची ही उलटापालट करण्याचे काम वेगळ्या प्रणालीचे, आणि मॅटप्लॉटलिब वर्षानुवर्षे तिच्याशिवाय चालत आले. मग ‘श’ आधी येतो, वेलांटी त्याच्यामागून येऊन ‘क’ला चिकटल्यासारखी दिसते, आणि ‘क्ष’ फुटून क, लंगडा पाय आणि ष असे तीन तुकडे होतात. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला यात काहीच वावगे दिसत नाही. परदेशी जर्नलमध्ये किंवा परराज्यातल्या छापखान्यात ही चूक म्हणूनच बिनबोभाट पार होते. ‘एमपीएलकैरो’ नावाची जोडणी बसवली की दुरुस्त होते. तेवढी खटपट नको असेल तर आलेख बिनअक्षरांचा काढून इंकस्केपसारख्या रेखाटन-प्रणालीत नावे लिहावीत, हा मार्ग कमी ऐटीचा असला तरी खात्रीचा आहे.

विदाच श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर इलाज आणखी मागे जाऊन करावा लागतो. तिथे पडद्यावर मराठी दिसत असले तरी फाइलमध्ये रोमन चिन्हांचा गोंधळ असतो. आलेखावर तोच उतरतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग आलेख.

आकड्यांचीही कुरबुर असते. आरला एक लाख लिहायला सांगितले तर जागा वाचवण्यासाठी ते ‘१ई+०५’ या वैज्ञानिक थाटात लिहिते. ते बंद केले तर १००००० असे सलग अंक येतात, आणि स्वल्पविराम मागितला तर तो १००,००० असा तीन-तीन अंकांवरचा येतो. ‘१,००,०००’ असे, तेही देवनागरी अंकांत, हवे असेल तर अक्षावरच्या खुणा स्वतः लिहून द्याव्या लागतात. अक्षराच्या मापाबद्दलही थोडे सावध राहावे. ‘नेचर’चे ५ पॉइंट हे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहेत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्याने त्याच मापात मधले अक्षर बारीक होते. मराठी आलेखात ८ पॉइंटांखाली जाऊ नये.

डीटीपीवाले ‘फॉन्ट कर्व्ह करून पाठवा’ असे जे बजावतात, त्याला या पार्श्वभूमीवर अर्थ येतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधलेला नसेल तर दुसऱ्या संगणकावर दुसराच फॉन्ट त्या जागी बसतो आणि जोडाक्षरे मोडतात. अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर केले की ती अक्षरे न राहता आकार होतात; मग कुठल्याही यंत्रावर हलत नाहीत. मोबदल्यात ती शोधता किंवा दुरुस्त करता येत नाहीत, त्यामुळे मूळ फाइल वेगळी ठेवावी लागते.

इतके सगळे सांभाळून काढलेली आकृती शेवटच्या टप्प्यावर मातीला मिळवण्याची सोयही भरपूर आहे. वर्डच्या अनेक आवृत्त्या फाइल साठवताना आतली चित्रे इंचाला २२० पिक्सेलांपर्यंत उतरवतात. पर्यायांमध्ये जाऊन ‘चित्रे दाबू नका’ या चौकटीत खूण करावी लागते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली आकृती लहानही होते आणि जेपेगही. दस्तऐवज म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. पडद्यावरचा लखलखीत निळा आणि पोपटी रंग चार शाईंच्या छपाईत मंदावतो, कारण त्या शाईंतून तो रंग निघतच नाही. दोन रेषा निव्वळ अशा दोन रंगांवरून ओळखायच्या असतील तर एकीला तुटक करणे बरे.

फाइल पाठवण्याआधी ती साध्या ए-४ कागदावर, ‘पानाला जुळवा’ हा पर्याय काढून, शंभर टक्के मापात छापून पाहावी. झेरॉक्सच्या दुकानातला कृष्णधवल लेझर प्रिंटरही पुरतो. तो सहसा इंचाला ६०० ठिपके टाकतो. स्तंभाची रुंदी फूटपट्टीने ९० मिलिमीटर भरते का, अक्षावरचे सर्वात लहान नाव चष्मा न सरसावता वाचता येते का, करड्यात गेलेल्या रेषा वेगळ्या कळतात का, हे पाच मिनिटांत समजते. आणि ज्या ओळींनी आलेख काढला त्या वेगळ्या फाइलमध्ये, विदेच्या शेजारी, आकृतीच्याच नावाने ठेवाव्यात. निर्मिती विभागाची मेल आली आणि त्यांनी आकृती एका स्तंभातून दोन स्तंभांत हलवली, तर त्या फाइलमधले ९० खोडून १९० लिहायचे, ती पुन्हा चालवायची आणि नवी टिफ जोडून उत्तर पाठवायचे.